फाटकावरचा कागद

सुरीचं टोक कागदाखाली सरकवताना मेतोदीला पुन्हा ते पत्र आठवलं. गेल्या वर्षीच्या पानगळीत थोरल्या बहिणीने, रायनाने, लिहिलं होतं: ‘वरची खोली रिकामी आहे. रूसे शहरात एकटा काय करतोस? येणार असशील तर हो कळव, नसशील तर नाही.’ जन्मभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाला दोनातला एक शब्द निवडता आला नाही. ‘हो’ लिहिलं की वाटे, तिने आपलं सहज विचारलं असेल. ‘नाही’ लिहायला हात धजेना. मग थंडी पडली, रायना गेली आणि गावातलं तिचं घर त्याच्या नावावर झालं.

घराच्या फाटकावर तिच्या निधनाची खबर देणारा कागद होता. काळी चौकट, फोटो, खाली चार ओळी. गावात असे कागद ऊनपावसाने झडेपर्यंत राहतात; हाताने कुणी काढत नाही. पण घर विकून देणाऱ्या प्लामेनने बजावलं होतं, “काका, गिऱ्हाईक तो बघून बाहेरूनच परततं.”

शेजारची त्सोना कुंपणावर कोपर टेकून बघत होती.

“काय सोलताय, मेतोदीभाऊ? कांदा आहे का ती?”

“प्लामेन म्हणाला...”

“त्याच्या आईचा कागद अजून बसथांब्यावर आहे. आधी तो सोल म्हणावं.”

मेतोदीने सुरी मिटली. फोटोतलं कपाळ आणि डोळे तेवढे फाटकावर उरले होते.

दुपारी प्लामेन गिऱ्हाइकांना दाखवायला घराचे फोटो काढायला आला. भिंतींवर टिचक्या मारत वर गेला. मागोमाग मेतोदी, कठड्याला धरून. वर्षभरात तो वर चढलाच नव्हता. दार उघडलं तसा चुन्याचा वास आला. पांढऱ्या भिंती, आणि एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत रंधा मारलेल्या, रिकाम्या फळ्या.

“लोणच्याच्या बरण्यांसाठी असतील,” प्लामेन म्हणाला. “उखडून टाकू. खोली मोठी दिसेल.”

“बरण्या तळघरात ठेवतात, बाळा.” त्सोना धापा टाकत दारात उभी होती. “सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतल्या तिने. मी म्हटलं, अगं, त्याचं उत्तर तरी येऊ दे. तर म्हणाली, येईल. पहिल्यापासून सावकाश आहे तो.”

मेतोदीने खालच्या फळीवरून बोट फिरवलं. तिथलं अंतर इतर फळ्यांपेक्षा जास्त होतं. शब्दकोश उभे मावले असते.

“घराचे फोटो राहू देत,” तो प्लामेनला म्हणाला.

वर्ष भरलं की फाटकावर नवा कागद लावतात. तालुक्याच्या छापखान्यातल्या मुलीने नमुन्यांची वही पुढे केली.

“बहुतेक जण हा तिसरा घेतात.”

त्याने खिशातली चिठ्ठी दिली. तिने ती वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं.

“आजोबा, हे शोकाचं वाटत नाही. आणि खाली एकच नाव?”

“एकच उरलंय.”

वर्ष भरलं त्या सकाळी त्सोना रायनाच्या नावाने दारोदार वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं घेऊन आली. मेतोदीने जुन्या कागदावर खळ फासली आणि वर नवा चिकटवला. ती ओठ हलवत वाचत राहिली.

‘रायना, हो. उत्तराला उशीर झाला. खोली आवडली. — मेतोदी.’

वाऱ्याने एक कोपरा उचलला. खळ धरेपर्यंत मेतोदी त्यावर अंगठा दाबून उभा राहिला.