मामाचा एक तास

दादा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दुपारच्या सुट्टीत येतो, हातांवरचं प्लास्टर कोपरापर्यंत धुतो आणि माझ्या लेकीला उचलतो. बरोबर एक तास. समुपदेशक सरांनीच तसं सांगितलंय: रोज तान्हं बाळ कुशीत घ्यायचं, म्हणजे संसाराची ओढ लागेल आणि पुरुषांकडे जाणारं मन ताळ्यावर येईल. समोर बसून वहीत लिहायचं काम माझं. 'बदल दिसतो का?'

आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, हे खरं. पण सरांकडे दादा गेला स्वतःच्या पायांनी. त्याची प्रार्थना एकही दिवस चुकत नाही. देवाला नको ते त्यालाही नकोच होतं.

तीन महिने मी लिहितेय, 'हो, थोडा.' सुटेल बिचारा एकदाचा, म्हणून.

आज तो खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत नुसता फिरतोय. लेक किरकिरतेय. मी एकच दुपटं तिसऱ्यांदा घडी करतेय.

"रविवारी एका मुलीला भेटायचंय," तो म्हणाला. "आईने ठरवलं. तुझी वही वाचून सर खूश आहेत म्हणे."

दुपट्याची घडी मी पुन्हा मोडली.

"काय लिहितेस गं तू?"

सांगून टाकलं. तो चालायचा थांबला नाही.

"चिमणे, मी रोज देवाला विचारतो, माझ्या आत काहीच कसं हलत नाही? मग वाटायचं, तुला दिसतंय म्हणजे असेल. माझीच श्रद्धा कमी पडतेय."

"दादा, मी खोटं..."

"थांब!" त्याचं बोट लेकीच्या हिरडीवर होतं. "दात आला की! खालचा, डावीकडचा. आई असून पत्ता नाही तुला? आमच्या लॅबमध्ये तुला कुणी झाडायलाही ठेवणार नाही."

हसता हसता त्याचा आवाज फाटला. लेकीने बोट करकचून चावलं. त्याने ते काढलं नाही.

मी वही ओढली. 'बदल नाही. आधीचे सगळे “हो” मी माझ्या मनाने लिहिले.' खाली सही केली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"आई बोलायची नाही तुझ्याशी."

"भांडायला तरी बोलेल."

"दे. मीच दाखवतो तिला. आजच." त्याने वही काखेत मारली.

तास केव्हाच संपला होता. लेकीला माझ्याकडे देऊन तो दारापर्यंत गेला, परत आला.

"अजून पाच मिनिटं घेऊ हिला? असंच. लिहू नकोस कुठे."