मी बघतो

चिमट्यानं धरलेली पट्टी साईसारखी अखंड निघून आली आणि धाकट्या बहिणीनं ती उजेडात धरली.

"काय गं? वास येतोय का?" ताईनं विचारलं.

"नाही. पाय हलवू नकोस."

नेहमीची नर्स रजेवर होती म्हणून ताईच्या अंगठ्याची जखम आज पहिल्यांदाच तिनं उघडली होती. काळेपणा शेजारच्या बोटापर्यंत पोचला होता. पण ती बघत होती पट्टीकडे. औषधाच्या पट्टीच्या कडा काढताना विस्कटतात, अशा अखंड राहत नाहीत. हे कुठल्या कागदावर नव्हतं, सहा वर्षं प्रयोगशाळेत या पट्ट्या विणणाऱ्या यंत्रापुढे बसलेल्या तिच्या बोटांनाच ठाऊक होतं. सुईच्या टोकाशी द्रावणाचा थेंब यायचा, हजारो व्होल्टच्या ओढीनं ताणला जाऊन डोळ्याला न दिसणारा तंतू व्हायचा आणि फिरत्या रुळावर थरावर थर बसायचा. द्रावणात औषध असलं की ते आठवडाभर जखमेत हळूहळू झिरपायचं. तुलनेसाठी बिनऔषधाच्या कोऱ्या पट्ट्याही लागत. रंग तोच, वजन तेच, डबीवर नुसता आकडा. दोन्ही तीच विणायची. प्रयोगशाळेत तिला सुगरण म्हणत. "धड चहा जमत नाही, आणि म्हणे सुगरण," ताई हसायची.

दोन महिन्यांपूर्वी सर्जननी अंगठा काढायला सांगितला, तेव्हा हिनंच अडवलं होतं. प्रयोगशाळेच्या सरांना या पट्टीच्या चाचणीसाठी माणसं कमी पडत होती. "कोणाला काय जाईल ते संगणक ठरवतो," सर म्हणाले होते, "पण तुझ्या ताईचं मी बघतो." सही करताना ताईनं विचारलंही होतं, "कोरी आली तर?"

"येणार नाही," ही म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, ताईला कोरी जातेय."

सरांनी उठून दार लावलं. "हे तुला कळायलाच नको होतं."

"तुम्ही म्हणाला होतात, मी बघतो म्हणून."

"मग बघतोच आहे की. दर आठवड्याला अहवाल बघतो." ते थट्टा करत नव्हते. "अगं, संगणकाच्या कामात मला हात घालता येत नाही. तेव्हाही येत नव्हता."

तेव्हाही. आणि 'मी बघतो' या दोन शब्दांच्या भरवशावर तिनं ताईचा पाय पणाला लावला होता.

तिनं बाहेर येऊन सर्जनना फोन लावला. परवाची वेळ मिळाली. आता दोन बोटं जातील, ते म्हणाले.

दुपारी ताई उशीला टेकून बसली होती. हिनं उभ्यानंच सांगून टाकलं. पट्टीचं, सरांचं, परवाचं, दोन बोटांचं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "विणली कोणी होती?"

"मीच."

"माहीत होतं?"

"कोरी आहे हे माहीत होतं. तुझी आहे हे नव्हतं."

"मला मेलीला वाटायचं, ठणका कमी झालाय," ताई म्हणाली. "तुझ्या हातचं आहे ना, म्हणून."

हिनं कापूस ओला केला, खाली बसली. "दे, पाय दे."

"राहू दे. उद्या नर्स येतेय, ती करेल."

घोट्यापर्यंत असलेलं पांघरूण ताईनं वाकून पुढे ओढलं आणि बोटांखाली नीट खोचून घेतलं.