चिमीचे बोलणे पुरे होईपर्यंत

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला हसू येईल. पुस्तकाएवढा काळा ठोकळा, वर ओळीने बटणे, त्यातले एक केव्हाच तुटलेले. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्या घरातला फोन आज जे काम चुटकीसरशी करतो, त्यासाठी एकेकाळी मला पिशवीत घालून दारोदार फिरवत असत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी माझ्यात कॅसेट घातली आणि विचारले, "ऐकू येतंय का रे तुला?" मग स्वतःचाच आवाज ऐकून त्या लाजल्या. माझे भाऊबंद घराघरांत गाणी वाजवायला गेले. मला मात्र एका संशोधन संस्थेने विकत घेतले.

तिथे मी ज्यांच्या हाती पडलो, त्यांना सगळे ताई म्हणत. कुटुंबे कशी राहतात, आजारी माणसाचे कोण करते, घरात कुणाचे ऐकले जाते, हे ताई लोकांना भेटून विचारत आणि मी ऐकून ठेवत असे. एका आजोबांनी मला पाहून आधी शर्टाची बटणे लावली, जणू फोटोच काढायचा होता! ताई कौतुकाने म्हणत, "लोकांना उजवा हात असतो, मला हा उजवा कान आहे."

एकदा आम्ही नाल्याकाठच्या वस्तीत गेलो. कारखान्यांचे काळे पाणी त्या नाल्यातून वाहायचे आणि दर पावसाळ्यात घरांत शिरायचे. तिथल्या लोकांना नव्या इमारतींमध्ये हलवायचे सरकारी कार्यालयाने ठरवले होते. कुणाला कोणती खोली, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होते. त्याआधी लोकांचे म्हणणे जाणून घेण्याचे काम ताईंच्या संस्थेकडे आले होते.

गल्लीच्या तोंडाशी एक घर होते. वडील टेम्पो चालवत, आई उशांचे अभ्रे शिवून देत असे. त्यांची मुलगी, घरात तिला चिमी म्हणत, चांगली विशीतली होती. जन्मापासून तिचे हातपाय ताठ होते आणि शब्द फार कष्टाने, एकेक करून बाहेर पडत. चाकांच्या खुर्चीत ती दाराशीच बसलेली होती.

आईने मशीन न थांबवता सगळे सांगितले. "पाणी आलं तेव्हा हिला टेबलावर बसवलं, ताई, आणि टेबल घट्ट धरून उभी राहिले. खालून पाणी चढत होतं. कधी एकदा इथून निघतो असं झालंय."

"आणि चिमीला काय वाटतं?" ताईंनी विचारले.

"तिला काय वाटणार? आम्ही नेऊ तिथं ती येणार. तुम्ही मलाच विचारा, उगाच तुमचा वेळ जाईल."

तेवढ्यात चिमीच्या घशातून आवाज आला.

"पाणी हवंय का?" आईने विचारले. चिमीने नकारार्थी मान हलवली. "मग पाठ दुखतेय?"

"आपण जरा थांबू या का?" ताई हळूच म्हणाल्या. त्यांनी मला उचलून चिमीसमोर ठेवले. "तुझं बोलणं यात साठवू का गं? नको असेल तर तसं सांग."

चिमीने माझ्याकडे टक लावून पाहिले. मग वळलेल्या बोटांनी मला आणखी जवळ ओढले.

माझ्या पोटातली फीत फिरू लागली. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"मला... पण... जायचंय."

शिवणयंत्र थांबले.

"पण... वर... नको. वर नेलं... की मी... खाली... कधी येणार?" ती दमली, थांबली. आई काही बोलणार होती, पण ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "किल्ल्या... माझ्याकडे... असतात."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. तिच्या मांडीवर एक डबा होता. गल्लीतल्या बायका कामावर जाताना घराच्या किल्ल्या त्यात टाकून जात. दारात बसून अख्ख्या गल्लीवर लक्ष ठेवणारी चिमी होती.

"अगं, मग कधी बोलली का नाहीस?" आई म्हणाली.

"तू... बोलू... देतेस?"

चिमी हसली. आईही हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मला वाटायचं, तिचे कष्ट वाचवावेत," ती ताईंना म्हणाली.

पुढे कार्यालयात बैठक झाली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "तळमजला सगळ्यांनाच हवा असतो. चिठ्ठीत निघेल ते घ्यायचं, म्हणजे कुणावर अन्याय नाही."

ताईंनी मला टेबलावर ठेवून चिमीचे बोलणे लावले. लोक चुळबुळ करू लागले.

"मधलं थांबणं काढून टाकता येणार नाही का?" साहेबांनी विचारले.

"नाही साहेब. ती अशीच बोलते."

साहेबांनी पेन खाली ठेवले. फीत संपल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "परत लावा."

ज्यांना जिने चढता येत नाहीत त्यांच्यासाठी तळमजला राखून ठेवायचे ठरले. काहींनी कुरकुर केली. इमारती रखडल्या, पुन्हा पाणी आले, पुन्हा चिमीला टेबलावर बसावे लागले. शेवटी खोली मिळाली, तर दार इतके अरुंद की खुर्ची अडकली. "खोली माणसांची आणि दार मांजराचं," वडील म्हणाले. मग सुतार बोलावून चौकट मोठी केली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा चिमी दारात बसली होती. डब्यात एकच किल्ली होती, शेजाऱ्यांची. ताईंनी विचारायच्या आत तिने डबा वाजवून दाखवला.

नंतर छोटी यंत्रे आली, फोन आले. माझ्या फितींमधले आवाज संगणकात गेले, ते सुखरूप आहेत. मला मात्र सेलसकट कपाटात ठेवले. सेल पाझरले आणि मी आतून गंजलो. दुरुस्तीवाला म्हणाला, "आता हा बोलायचा नाही. शोभेला ठेवा." ताईंनी मला घरी नेऊन पुस्तकांशेजारी ठेवले.

मित्रांनो, एखादे यंत्र वापरात नसले तर त्यातले सेल तेवढे काढून ठेवत जा. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा. मी यंत्र होतो, मला थांबायला काहीच कष्ट पडले नाहीत. तुम्हाला पडतील. म्हणूनच तुमच्या थांबण्याला मोल आहे.