सदर बाईंचं नाव

खडकेवाडीचे सरपंच कारभारी वाबळे बोलायला उभे राहिले, की ऐकणाऱ्याने घरी जाऊन जेवून यावं आणि तरी त्याचं काही चुकू नये, अशी त्यांची ख्याती. तगाई, खत, पाझर तलाव, चंद्रावर गेलेला माणूस, त्यांना विषयाचं वावडं नव्हतं. फक्त बायकोचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. हाक मारायची तर ‘अगं ए’ आणि चारचौघांत ‘आमच्या घरातल्या’. सगळं गावच तसं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते एकाहत्तर साली, नगरच्या कॉलेजातल्या वत्सलाबाई गांधे एसटीतून उतरल्या तेव्हा.

स्वातंत्र्याच्या आगेमागे राज्यात ज्या बायकांनी काही करून दाखवलं, त्यांच्यावर मुंबईत एक जाडजूड पुस्तक व्हायचं होतं. नगर जिल्ह्याचं काम वत्सलाबाईंकडे. शहरातल्या बायका त्यांना हव्या तेवढ्या मिळाल्या. खेड्यातल्या बाईसाठी एकच जागा शिल्लक होती, आणि राहुरीत कुणीतरी त्यांना खडकेवाडीची हकीकत सांगितली.

हकीकत अशी. पहिल्या निवडणुकीच्या आधी मतदारांची नावं लिहायला एक कारकून गावात आला. बायकांना नाव विचारलं, तर कुणी म्हणे गोरक्षची आई, कुणी म्हणे बन्सीची बायको. अशी नावं चालायची नाहीत, म्हणाला. शिवाय पुढे नवऱ्याचं नाव हवं, आणि ते घेण्यापेक्षा बायका विहीर जवळ करतील अशी गत. कारकून दप्तर बांधायला लागला. तेव्हा कारभारींच्या बायकोने शेजारच्या दगडाबाईच्या घरी हळदीकुंकू काढलं, कारकुनाला दाराआड बसवलं, आणि एकेकीला आधी स्वतःचं नाव सांगायला लावून मग उखाणा घ्यायला लावला. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची ना असणार? संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या बायका मतदार झाल्या.

कारभारी तेव्हा कडवे विरोधक. घरच्या बाईचं नाव परक्याच्या कानावर कशाला, म्हणून ते उंबऱ्यात आडवे बसले होते. ती मागच्या दाराने गेली. पण आता दिवस पालटले होते, आणि बायको पुस्तकात जावी म्हणून या गड्याचा जीव टांगणीला लागला होता. कारण उपसरपंच भिमाजी आपल्या चुलतीला पुढे करत होता. एकदा एका मंत्र्याला पिठलं-भाकरी वाढण्यापलीकडे त्या माउलीच्या हातून काही घडलं नव्हतं.

पुस्तकवाल्यांचा नियम एकच होता. गावसभेत सरपंचाने उभं राहून बाईचं नाव आणि काम सांगायचं, गावाने हो म्हणायचं. मारुतीच्या पारासमोर सभा भरली. एका बाजूला बाया, त्यांच्यात सरपंचीणबाई डोईवर पदर घेऊन शांत बसलेल्या.

“सदर बाई आमच्या घरातल्या असून,” कारभारींनी सुरुवात केली आणि अर्धा तास मागे वळून पाहिलं नाही. बोलून झाल्यावर वत्सलाबाईंनी विचारलं, “आणि नाव?”

“त्ये सगळ्यांना ठावं हाय.”

“मला नाही ना.”

“गावाला बी न्हाई,” भिमाजी म्हणाला. “आमी वैनी म्हनतो. बिननावाचा ठराव कसा व्हनार? माझ्या चुलतीचं नाव भागिरथी. बगा, किती सोपं हाय.”

कारभारींच्या टोपीखालून घामाची धार लागली. त्यांनी घसा खाकरला, पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा खाकरले.

दगडाबाई बायांतून बोलली, “आमच्याकडून उखाने घेतले व्हते. आता तुमी घ्या. लई सोपं पडतं.”

बाया पदराआड हसायला लागल्या. सुटका नव्हती. कारभारींनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं:

“मुळेच्या धरनाला मातीची भिंत, मुक्ताचं नाव घेतो, आता कशाची खंत.”

पार दणाणला. कारभारी धापा टाकत होते, पण मनातून लई खूश. भिमाजीचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. वत्सलाबाई लिहिणार, एवढ्यात सरपंचीणबाई उठून उभ्या राहिल्या.

“त्ये नगा लिवू, बाई. मुक्ता ह्यांनी लग्नात ठिवल्यालं. आईबापानं राही ठिवलं हुतं. सवताचं नाव सांगा म्हनून साऱ्यांच्या मागं लागले हुते मी. माझी पाळी आली तवा त्या कारकुनाला राहीच सांगितलं.”

कारभारींना राग आला. एवढा जीव खाऊन नाव घ्यावं आणि ते चुकीचं निघावं? मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. हौसेने बोलत नव्हती ती. एवढं एकच नाव तिला मागे ठेवायचं होतं, आणि नवरा ते देतो की नाही याची तिला खात्री नव्हती. एवढ्या वर्षांत आपण हिला काही विचारलंच नाही, हे कारभारींना त्या पारासमोर पहिल्यांदा कळलं.

“ठरावात कंचं धरायचं?” भिमाजीने काडी घातली.

“राही,” कारभारी म्हणाले. उखाणा नाही, खाकरणं नाही. “राही. गावानं ऐकलं का?”

गाव हो म्हणालं. कित्येक सासुरवाशिणींनी डोळे पुसले.

“आणि पुढे यजमानांचं नाव?” वत्सलाबाईंनी विचारलं.

कारभारींनी मान खाली घातली. “माझं नगं. मी तवा आडवा आलो हुतो.”

राहीबाईंनी पदर सावरला. “ह्यांचं बी घाला, बाई,” त्या म्हणाल्या. “आडवं कोन आलं हुतं, त्ये बी लोकांना कळू द्या.”