माझ्या पाण्यात तूर लवकर शिजायची

मित्रांनो, मी आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या एका खेड्यातला जुना हातपंप आहे. गावात मला बोरिंग म्हणतात. दांडा दाबला की कुरकुरतो, पण पाणी अजून देतो. माझे दुर्दैव तेच आहे.

मी या गावात आलो दुष्काळाच्या साली. त्याआधी बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरायच्या. त्या पाण्याने हगवण लागून गयाबाईचा पहिला मुलगा दोन दिवसांत गेला होता. यंत्राने दीडशे फूट खोल भोक पाडले, मला बसवले आणि पाणी आले, तेव्हा तिने माझ्यापुढे नारळ फोडला आणि ढसाढसा रडली. त्यानंतर गावात हगवणीने एकही पोर दगावले नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आमच्याकडे पाण्याची पारख एकच, त्यात तूर शिजली पाहिजे. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचे पाणी खारट. त्यात डाळ दुपारपर्यंत टणक राही. माझ्या पाण्यात ती बघता बघता मऊ व्हायची. लग्न असले की शेजारच्या गावांतून बैलगाडीवर पिंपे यायची. मी लोखंडाचा, तरी अंगावर मूठभर मांस चढायचे!

गयाबाईला पुढे दोन मुली झाल्या. थोरली सोजर सहा वर्षांची झाली आणि तिच्या दातांवर पिवळे डाग दिसू लागले. मग चालताना गुडघे एकमेकांना घासू लागले. माझ्या ओट्याची एवढीशी पायरी, तीही ती हात टेकून चढायची. आदिलाबादच्या डॉक्टरांनी औषधाआधी घरचे पाणी मागितले. बाटली तपासायला गेली. माझ्या पाण्यात फ्लोराइड निघाले. ते दिसत नाही, त्याला चव नाही. ते हाडांत जाऊन बसते. आता औषधाने पाय सरळ व्हायचे नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले.

मग एक सरकारी माणूस डबा घेऊन आला आणि त्याने मला लाल रंग फासला.

"अम्मा, ये पानी पीने का नहीं. कपडे धोने का."

"मंग प्याचं काय जी?" गयाबाईने विचारले.

"वो साब को पूछो," असे म्हणून त्याने डब्याचे झाकण लावले.

तो गेल्यावर म्हातारे नागोराव हसले. "ज्या पाण्यात तूर लोण्यावानी शिजते, ते खराब काऊन असंल?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घागरी पुन्हा माझ्याखाली लागल्या. ती स्तुती ऐकून मला पहिल्यांदाच लाज वाटली.

एकट्या गयाबाईने त्या माणसाचे ऐकले. धाकटी भागीरथा नुकती रांगत होती. तिच्यासाठी ती रोज कोसभर चालून त्या विहिरीचे खारट, पण फ्लोराइड नसलेले पाणी आणायची. डाळ शिजत नाही म्हणून घरचे करवादायचे, तरी आणायची. चैत्रात विहीर आटली, ती कायमचीच. गयाबाई रिकामी घागर घेऊन माझ्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"दे बापा," ती म्हणाली. "दुसरं हाय तरी काय आमाले?"

तिने दांडा दाबला. मला नाही म्हणता येत नाही. मी दिले.

मित्रांनो, पाणी गोड लागले, डाळ शिजली, एवढ्यावर विसंबू नका; आधी तपासून घ्या. आणि मोठे होऊन कधी एखाद्या पंपाला लाल रंग लावायची वेळ आली, तर दुसरे पाणी दिल्याशिवाय तिथून हलू नका.

भागीरथा आता चार वर्षांची आहे. ती धावत येते, ओंजळ धरते, घटाघटा पिते. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत राहतो.