बोर्डिंगातल्या मडक्याचा कौल

सोलापुरातल्या एका बोर्डिंगच्या मागच्या भिंतीला टेकून मी पडलेलं असतं. मी मातीचं मडकं, जुनं, काठाचा टवका उडालेलं. पोटात पाला साचलाय आणि त्या पाल्यात एक सरडा बिऱ्हाड करून राहिलाय. मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण एके काळी ह्याच पोटातून इथला सगळा कारभार चालत होता, हे काही मी फुशारकीनं सांगत नाही.

कुंभारानं मला तळ्याकाठच्या मातीतून घडवलं, आव्यात भाजलं आणि बाजारात आणून मांडलं. शांतम्मानं मला बोटानं वाजवून घेतलं. शांतम्मा ही बोर्डिंगची स्वयंपाकीण, अक्कलकोटाकडची. तोंडाची फटकळ, पण वाढायला हात सढळ. खेड्यापाड्यांतली पोरं शाळेसाठी सोलापुरात येत आणि ह्या बोर्डिंगात राहत. त्यांच्या पिण्याचं पाणी माझ्यात असायचं. उन्हाळ्यात शाळेतून आलेलं पोर आधी माझ्याकडे धावायचं, आई नंतर आठवायची. ते दिवस सुखाचे होते. मग माझ्या बुडाला बारीक चीर गेली, पाणी पाझरायला लागलं, आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

तिथून मला उचललं ते चन्नप्पा गुरुजींनी. बोर्डिंग तेच चालवत. स्वराज्याच्या गोष्टी तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होत्या. गुरुजी म्हणाले, स्वराज्य पाहिजे म्हणता, तर आधी आपलं स्वयंपाकघर चालवून दाखवा. त्यांनी विद्यार्थी मंडळ काढलं. दर दिवाळीनंतर पोरांनी आपला सरपंच निवडायचा. त्याच्या हाताखाली चार कारभारी: एक स्वयंपाकाचा, एक पाण्याचा, एक झाडलोटीचा आणि एक दिवाबत्तीचा. रविवारी सभा भरायची आणि तिथं लहानात लहान पोरानंसुद्धा काहीही विचारावं, अशी मुभा होती.

आधी हात वर करून मतं घेतली. पण धाकटी पोरं थोरल्यांची तोंडं बघून हात वर करायची. म्हणून गुरुजींनी माझ्या तोंडाला फडकं बांधलं, फडक्याला हात जाईल एवढी चीर पाडली, आणि मला मधोमध ठेवलं. होयला शेंगदाणा, नाहीला फुटाणा. झालं! मोजायला बसले तर पोरांपेक्षा मतं कमी. मत टाकायला रिकामी होणारी मूठ बाहेर येताना भरून यायची आणि सरळ तोंडात जायची. शांतम्मानं कपाळावर हात मारला. पुढच्या रविवारपासून होयला कच्ची ज्वारी आणि नाहीला कच्ची तूर आली, तेव्हा कुठं हिशेब जमला.

सिद्धाप्पा सरपंच झाला तेव्हा मंडळाला खरा जोर आला. हा वळसंगकडचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. त्याच्या घरात शाळेचं तोंड बघितलेला हा पहिलाच. सभेआधी तो मला स्वतः पुसायचा, देव पुसावा तसा. एकदा पहाटेच्या घंटेवरून गुरुजींचं आणि पोरांचं वाजलं. कौल पोरांच्या बाजूनं लागला. गुरुजी फणफणले, पण सिद्धाप्पानं त्यांच्याकडून भरसभेत शब्द घेतला, की मडकं सांगेल ते गुरुजींनीही मोडायचं नाही. त्या दिवशी मी काय फुगलं होतं म्हणून सांगू! फुटक्या मडक्याला एवढा मान कुणी दिलाय?

आणि मग सटवा आला. साल बत्तीसचं असावं. बाप कुर्डुवाडीला रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचा. पोरगं गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं, पण डोक्यानं तल्लख. गुरुजींनी कुणाला न विचारता त्याला ठेवून घेतलं. सगळी पोरं आत पंगतीला बसायची आणि सटवाचं ताट ओसरीवर असायचं. त्याला पाणी वरून ओतावं लागे. ते काम सिद्धाप्पा करायचा आणि आपली भाकरी घेऊन त्याच्याजवळच जेवायला बसायचा.

पंधरवड्यानं गुरुजींनी ठरवलं की आता हुकूम काढायचा. उद्यापासून सगळ्यांची एकच पंगत, पटत नसेल त्यानं वळकटी उचलावी. तो हुकूम सिद्धाप्पानंच अडवला.

"गुरुजी, हुकूम नगं," तो म्हणाला. "तुमाला भिऊन पोरं शेजारी बसतील, पर मनातनं लांबच ऱ्हातील. मडक्याला इचारू. माजी पोरं हायती, मी वळकतो त्यास्नी."

"सिद्धाप्पा, काही गोष्टी विचारायच्या नसतात रे," गुरुजी म्हणाले. पण शब्द देऊन बसलेले, आणि ह्या पोराच्या डोळ्यांतला विश्वास बघून तेही विरघळले. सिद्धाप्पा तसाच ओसरीवर गेला आणि सटवाला सांगून आला की आईतवारी तू आत जेवशील. त्या पोरानं ते खरं मानलं. मीही मानलं.

सभेत स्वयंपाकाचा कारभारी रामहरी उठला. हा नातेपुत्याचा, वाईट नव्हता. घरी कळलं तर बाप शाळा सोडवील, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि कितीतरी माना हलल्या. ओसरीवरचं वेगळं ताट सिद्धाप्पालाही नको होतं, म्हणून शेवटी असं ठरलं: होय आलं तर सटवा पंगतीत, नाही आलं तर सटवानं घरी जायचं. सिद्धाप्पानं एकच अट घातली. सटवा बोर्डिंगात राहतो, तेव्हा मत त्यालाही. त्यावर रामहरी म्हणाला, टाकू दे, पण सगळ्यात शेवटी. त्याचा हात आत गेल्यावर मडकं बाटणार. मग त्यात हात कोण घालणार?

माझ्यात एकेक हात येत गेला. गार हात, घामेजलेले हात. मूठ उघडली की दाणा बुडाशी पडायचा आणि मला कळायचं. मित्रांनो, मी मनातल्या मनात ज्वारी ज्वारी म्हणत होतं आणि तूर पडत होती. जी पोरं सटवाबरोबर आट्यापाट्या खेळायची, त्यांच्याही मुठीतून तूरच पडली. सगळ्यात शेवटी सटवाचा हात आला. त्यानं आपला ज्वारीचा दाणा हळूच तळाला नेऊन ठेवला, वरून टाकला नाही.

आता मोजणार कोण? मडकं बाटलेलं. एकही पोर पुढं येईना, सगळी भिंतीला सरकून बसली. सिद्धाप्पानं मला एकट्यानं उचललं आणि सगळ्यांकडे पाठ करून जमिनीवर ओतलं. तुरीचा ढीग केवढा, आणि ज्वारी चिमूटभर. त्यानं पुन्हा मोजलं. तसं दाणे फिरवायला किती वेळ लागतो? मतांसाठी आणलेल्या ज्वारीची वाटी त्याच्या गुडघ्याशीच होती. बघायला कुणी नव्हतं आणि बाटलेले दाणे तपासायला कुणी येणारही नव्हतं. मी तडफडत होतं, खोटं बोल रे बाबा, एकदा खोटं बोल.

गुरुजीही दारातून म्हणाले, "नीट मोजलंस का? तू सांगशील तेच खरं धरू."

सिद्धाप्पानं ज्वारीची वाटी लांब सरकवली. मग उठून म्हणाला, "दोनदा मोजलं, गुरुजी. न्हाय आलंय."

त्याला वाटलं, आज आपण खोटं बोललो तर मंडळ मेलं. मंडळ जगलं, ते खरं.

सटवा ओसरीवर उभा होता. त्यानं गाठोडं बांधलं. सिद्धाप्पाला त्याच्याकडे बघवेना. जाताना सटवानं एवढंच विचारलं, "सरपंच, माजा दाणा मोजला न्हवं?"

"मोजला की," सिद्धाप्पा म्हणाला.

"मग झालं," असं म्हणून ते पोरगं स्टेशनाकडे चालायला लागलं. गुरुजी त्याच्या मागं गाडीपर्यंत गेले.

बाटलेलं मातीचं भांडं फोडायचं असतं, पण फोडायला तरी हात लावावा लागतो. शांतम्मानं मला काठीनं ढकलत मागच्या भिंतीपाशी आणलं. ती रडत होती, पण काठीनंच ढकलत होती. मंडळाला पत्र्याची पेटी आली, तिला कुलूप आलं. पुढं मंडळाचा लौकिक वाढला. मोठमोठी माणसं कारभार बघायला येत आणि वाहवा करून जात. पोरांचं स्वराज्य बघावं तर इथं, असं म्हणत. पंगत पूर्वीसारखीच बसत होती.

पाच-सहा वर्षांनी मंडळाच्या वाढदिवसाच्या सभेला पाहुणा म्हणून सिद्धाप्पा आला. आता तो मास्तर झाला होता, डोक्याला फेटा, अंगात कोट. भाषण भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. एका पोरानं विचारलं की मंडळाचा कौल कधी चुकला का?

मला वाटलं, आता सांगेल. ह्या पोरांना तरी कळेल.

"न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "जे ठरलं ते आमी पाळलं." आणि टाळ्या वाजल्या.

नंतर तो मागं हात धुवायला आला. मला बघितलं, ओळखलंही. तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला, तोंड वेडंवाकडं झालं, आणि कुणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारली तसा डोळे पुसून आत गेला. त्याचा राग करावा म्हटलं तर होत नाही. सटवाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. इथं त्याचं नाव कुणी काढत नाही.

मित्रांनो, मला धुऊनपुसून जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यातून आता काही व्हायचं नाही. पण तुमच्याही शाळेत पेट्या येतील, मतं होतील, तुम्ही सरपंच व्हाल. घंटा किती वाजता व्हावी ते खुशाल मडक्याला विचारा. दाराशी उभ्या असलेल्या पोरानं जेवायला बसावं का, हे मात्र विचारू नका. जरा सरकून बसा.