कड्यावरून दिसलेला मेंढवाडा

माझी आई हास्बा आणि ग्लेनिबामावशी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई दरीतलं घर सोडून माझ्याकडे दरीबाहेरच्या चिनली गावात राहायला आली, तेव्हा मावशी चारचौघांत तिला 'आयतोबा' म्हणाली होती. ते आईला फार लागलं. मावशी मात्र खालीच राहिली, एकटी, तीस मेंढ्या घेऊन.

त्या एप्रिलमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून दरीतला ओढा दुथडी भरला. आठ दिवस एकही गाडी आत गेली नव्हती. सकाळी मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला निघाले, तर आई डोक्याला रुमाल बांधून पिकअपमध्ये आधीच बसलेली. कड्यावरच्या रस्त्याने ने, एवढंच म्हणाली. मावशीचं नाव तिने घेतलं नाही. मी शाळेत फोन करून रजा सांगितली.

कड्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या त्या रस्त्यावर पर्यटकांसाठी जागोजागी कठडे बांधलेत. पहिल्या दोन ठिकाणी आईने थांबूच दिलं नाही. तिथून मावशीचं घर दिसत नाही. तिसऱ्या ठिकाणी ती उतरली. मोतीबिंदूमुळे तिला समोरचा कठडाही धूसर दिसत होता.

"धूर आहे?"

"नाही."

"मेंढ्या कुठायत?"

मावशीचं होगान, लाकूड-मातीचं ते गोल घर, खोल खाली बोटाएवढं दिसत होतं. शेजारच्या मेंढवाड्यात पांढरे ठिपके दाटीने उभे होते. दहा वाजून गेले होते.

"वाड्यातच आहेत, आई."

"मग तिला उठता येत नाहीये. तापाने फणफणली असती तरी तिने मेंढ्या कोंडून ठेवल्या नसत्या."

मी बचाव पथकाला फोन लावला. पाण्यातून ट्रॅक्टर आणायला दुपार होईल, असं ते म्हणाले. आईने ते ऐकून घेतलं आणि मला कठड्याच्या डावीकडे चलायला सांगितलं. तिथून खाली एक वाट जाते. वाट कसली, जुन्या लोकांनी खडकात कोरलेल्या हातापायाच्या खोबण्या. लहानपणी दोघी बहिणी तिथून शेळ्यांसारख्या चढत-उतरत. मी एक्कावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारी. मला जमणार नाही, असं मी सांगून टाकलं.

"मग मी जाते," म्हणत ती बुटांचे बंद सोडू लागली.

ती खरंच गेली असती. मी माझे बूट काढले.

आई काठावर पालथी पडून वरून सांगत राहिली. "उजवा पाय आधी. डावा टाकलास तर मधेच अडकशील. आता अकरा खोबण्या मोज, मग डाव्या हाताला कपार लागेल." कपार लागली. पुढची एक खोबणी पार झिजून गेली होती. माझा पाय चाचपडत राहिला आणि मी तिथेच थिजले.

"थांबू नकोस गं. थांबलं की पाय थरथरतात."

मी खडकाला पोट घासत घसरले. कोपर सोलवटलं, पण खालचा पाय टेकला. त्यापुढे उतार सोपा होता.

मावशी दाराजवळ जमिनीवर पडली होती. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. दोन दिवस ती तशीच होती. पाण्याची बादली तेवढी सरपटत जाऊन जवळ ओढून घेतलेली. तुला कोणी पाठवलं, असं तिने विचारलं.

"आईने. वर उभी आहे."

"तिला इतक्या लांबचं दिसतं होय?"

"नाही दिसत. मेंढ्या कुठायत, ते मला विचारलं तिने."

मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच म्हणाली, "आधी त्यांना सोड. मग माझं बघ."

मी तसंच केलं.

तीन वाजता ट्रॅक्टर आला. त्यावर पथकाच्या माणसांमध्ये आई बसलेली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. एका पर्यटक जोडप्याने तिला गाडीतून दरीच्या तोंडाशी सोडलं होतं. पथकवाल्यांनी बरोबर न्यायला नाही म्हटलं, तेव्हा ती सरळ पाण्यात शिरली होती. शेवटी त्यांनी तिला उचलून ट्रॅक्टरवर घेतलं.

आई मावशीच्या शेजारी बसली. कोणी माफी मागितली नाही. मेंढ्या टाकून मी दवाखान्यात येणार नाही, असं मावशीने पथकवाल्यांना बजावलं.

"मी राहते मेंढ्यांजवळ," आई म्हणाली.

"तुला दिसत नाही."

"मेंढ्यांना दिसतं."

मावशीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती रडली. मग तिने स्वतःची काठी आईच्या हातात दिली.

मावशी दवाखान्यातून सहा आठवड्यांनी परतली, तोवर आई खालीच होती, आणि त्यानंतरही तिथेच राहिली. त्या वर्षी मका दोघींनी मिळून लावला. मावशी लंगडत पुढे भोकं पाडायची, आई मागून चाचपून दाणे टाकायची.